रोल धुऊन आला, पण फोटोच नाहीत: जुन्या फिल्म कॅमेऱ्यात काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

"ताई, कॅमेरा एकदम ओके आहे. खटका वाजतो, लिव्हर फिरतो. फक्त रोल कोरा आला."

माझ्याकडे येणारे बहुतेक सेकंडहँड कॅमेरे हेच वाक्य घेऊन येतात. कुणी चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर घासाघीस करून घेतलेला असतो, कुणाला आजोबांच्या कपाटात सापडलेला असतो, कुणी फोनवर फोटो बघून मागवलेला असतो. आणि येतानाच निदान ठरलेलं असतं: शटर (फिल्मवर क्षणभर उजेड सोडणारा पडदा) गेलंय. बहुतेक वेळा शटर गेलेलं नसतं. रोल, धुणं आणि स्कॅन धरून खर्च हजाराच्या घरात सहज जातो, त्यामुळे "आणखी एक रोल घालून बघू" हा उपाय परवडत नाही. त्याऐवजी खालच्या क्रमाने जा. आधी फुकटातलं, मग दहा-वीस रुपयांचं, मग हात काळे करायचं आणि शेवटी मेकॅनिक.

लक्षणं

तुमचं यातलं नेमकं कोणतं ते आधी ठरवा. "फोटो खराब आले" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

- अख्खा रोल कोरा, एकही फोटो नाही. (सगळ्यात जास्त तक्रार हीच.)
- अख्खा रोल काळाकुट्ट.
- सुरुवातीचे काही फोटो नीट, मग एकाच फ्रेमवर सगळं एकावर एक, पुढे काहीच नाही.
- फोटो आहेत, पण मळकट आणि दाणेदार, सावल्यांत काही दिसत नाही.
- कडेला नारिंगी किंवा पांढरे पट्टे.
- प्रत्येक फोटोची एक बाजू काळी. फक्त फ्लॅशच्या फोटोंत की सगळ्यांत, तेही बघून ठेवा.
- सगळं धुरकट, दिव्याभोवती वलय.
- खटका दाबलाच जात नाही, किंवा लेन्समागचा आरसा वर गेला तो खाली आलाच नाही.

आधी नेगेटिव्ह परत मागा

हल्ली लॅब स्कॅनची लिंक पाठवते आणि नेगेटिव्ह (धुतलेली फिल्मपट्टी, उजेड लागला तिथे ती काळी दिसते) तिथेच पडून राहते. ती आणा. स्कॅन करणारं सॉफ्टवेअर उजेड-अंधार स्वतःच्या मनाने सावरून घेतं, त्यात दोषही झाकला जातो. नेगेटिव्ह काही सावरत नाही.

खिडकीसमोर धरा आणि फोटो बघायच्या आधी कडा बघा. भोकांच्या बाजूने कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते तुमच्या कॅमेऱ्याने काढलेले नसतात. कारखान्यातच फिल्मवर प्रकाशाने उमटवलेले असतात आणि रोल धुतला की दिसायला लागतात. म्हणजे कडेचे आकडे ठसठशीत आहेत आणि मधला भाग कोरा आहे, तर धुलाई व्यवस्थित झाली आहे, कॅमेऱ्यात फिल्मपर्यंत उजेड पोचलाच नाही. आकडेही गायब असतील तर गडबड धुण्यात आहे. कॅमेरा खाली ठेवा आणि लॅबशी बोला. कडांसकट सगळं काळं असेल तर कुठेतरी फिल्मला थेट उजेड लागलाय. बहुधा रोल गुंडाळायच्या आधी मागचं दार उघडलं गेलं.

रंगीत नेगेटिव्ह कोरी असली तरी नारिंगीच दिसते. त्या नारिंगी रंगाला "काहीतरी आलंय" समजू नका.

हातातला कॅमेरा कोणता?

नाव वाचण्यापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा आहे: सेल काढल्यावर शटर चालतं का? पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम आणि एफएम२, एफएम१०, याशिका एफएक्स-३, जेनिट यांचं शटर पूर्ण यांत्रिक असतं. सेल असलाच तर तो फक्त उजेड मोजायला. उलट कॅनन एई-१ किंवा मिनोल्टा एक्स-७०० सेलशिवाय हलत नाहीत. शिकायचं असेल आणि निवड तुमच्या हातात असेल, तर पहिल्या गटातला घ्या. त्यातलं बिघडलेलं डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं. दुसऱ्या गटात सर्किट गेलं की आपण काही करू शकत नाही.

घरातल्या कपाटातून निघतो तो अनेकदा अ‍ॅग्फा क्लिक थ्री. त्याला १२० ची रुंद फिल्म लागते, ३५ मिमीचा रोल त्यात बसत नाही. तो शोभेला ठेवा किंवा हौसेने वापरा, पण शिकायला नको. त्यात शिकण्यासारखं काही बदलताच येत नाही.

चोर बाजारात सोनेरी पत्र्याची, गरुडबिरुड कोरलेली "लायका" कुणी पुढे केली तर लेन्स फिरवून काढा आणि आत वरच्या बाजूला बघा. फोकस जोडणाऱ्या दांडीच्या टोकाला खऱ्या लायकात गोल चाक असतं. फेड किंवा झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांत तिथे पाचरीसारखा तुकडा असतो. बहुतेक सोनेरी लायका या वेश बदललेल्या फेड नाहीतर झोर्की असतात. वाईट कॅमेरे नव्हेत, फक्त किंमत झोर्कीची द्या. आणि एक नियम पक्का लक्षात ठेवा. फेड-झोर्कीत शटरचा वेग आधी लिव्हर किंवा नॉब फिरवून शटर चढवायचं आणि मगच बदलायचा. उलट केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. मागच्या मालकाला हे माहीत होतं का, ते तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून असे कॅमेरे घेताना सगळे वेग समोर वाजवून घ्या.

पहिली तपासणी: फिल्म पुढे सरकतेय का?

खर्च शून्य, आणि कोऱ्या रोलचं कारण बहुतेकदा इथेच सापडतं.

फिल्म बसवताना तिची जीभ (रोलबाहेर आलेलं टोक) उजवीकडच्या स्पूलच्या खाचेत अडकवायची असते. ती नीट अडकली नाही तर लिव्हर फिरतो, खटका वाजतो, वरचा आकडा १, २, ३ करत ३६ पर्यंत जातो आणि फिल्म जागची हलत नाही. कारण तो आकडा फिल्म मोजत नाही, लिव्हरच्या फेऱ्या मोजतो. सगळे छत्तीस फोटो त्या जिभेवर पडतात. ती तर बसवतानाच उजेड लागून काळी झालेली असते. त्यामुळे धुतल्यावर एक काळं टोक आणि पुढे कोरी पट्टी. तक्रार ऐकताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: टोक काळं आणि बाकी सगळं कोरं आहे का? बहुधा उत्तर "हो" येतं.

बसवायची रीत अशी. बहुतेक कॅमेऱ्यांचं मागचं दार डावीकडचा रिवाइंड नॉब वर ओढला की उघडतं. रोल डाव्या खोबणीत ठेवा, नॉब खाली दाबा. जीभ ओढून स्पूलच्या खाचेत घाला. आता दार उघडं ठेवूनच एकदा लिव्हर फिरवा आणि खटका दाबा. वर-खाली दोन्ही बाजूंची भोकं दातांवर बसलेली दिसली पाहिजेत. नुसती खालची नकोत. स्पूलवर एक पूर्ण वेढा बसल्याशिवाय दार लावू नका. यात दोन-तीन इंच फिल्म वाया जाते. जाऊ द्या, ती तशीही काळीच होणार असते.

दार लावल्यावरची गोष्ट बरेच जण टाळतात, आणि खरी तपासणी तीच आहे. रिवाइंड नॉबची छोटी मूठ उघडा आणि बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. जरा फिरेल, मग अडेल. अडली की थांबा. आतली ढिली फिल्म ताणली गेली. आता लिव्हर फिरवा आणि नजर नॉबवर ठेवा. नॉब उलट्या दिशेने फिरला तर फिल्म सरकतेय. नाही फिरला तर नाही सरकत, मग आकडा काहीही सांगो. प्रत्येक रोलचे पहिले दोन-तीन फोटो काढताना हे बघायची सवय लावून घ्या.

सरावाला चांगला रोल जाळू नका. लॅबमध्ये मागितलं तर मुदत संपलेला किंवा खराब झालेला रोल बहुधा मिळतो. तो घेऊन बसा आणि आधी बघून, मग न बघता बसवायचा सराव करा. बोरिवली लोकलच्या दारात उभं राहून रोल बदलायची वेळ आली की या सरावाची किंमत कळते.

सुरुवातीचे फोटो नीट आणि मग एकाच फ्रेमवर गर्दी झाली असेल, तर फिल्म मध्येच अडकली आणि भोकं फाटली. कारण बहुतेकदा जोर. रोल २४ चा असतो, आपल्या डोक्यात ३६, लिव्हर जड होतो आणि आपण ढकलतो. लिव्हर अडला की जोर लावायचा नाही. रोलच्या डबीवर आकडा वाचा, तळाचं रिवाइंडचं बटण दाबा आणि गुंडाळा. गुंडाळताना नॉब एकदम हलका झाला की फिल्म डबीत गेली. त्याआधी दार उघडायचं नाही.

फोटो एकमेकांवर चढत असतील तर तळाचं ते बटण बघा. आधीच्या रोलपासून आत रुतून बसलं असेल तर दाते मोकळे राहतात आणि फिल्म मापात सरकत नाही. बटण पुन्हा बाहेर आलं की बरेचदा काम होतं. नाही आलं तर मेकॅनिक.

दुसरी तपासणी: खटका दाबला जात नाही

सगळ्यात आधी लिव्हर पूर्ण फिरवला आहे का ते बघा. अर्ध्यात सोडला तर शटर चढत नाही.

निकॉन एफएम आणि एफएम२ घेणाऱ्यांची हमखास फसगत इथे होते. लिव्हर कॅमेऱ्याला पूर्ण चिकटलेला असेल तर खटक्याला कुलूप लागतं आणि उजेड मोजणारं मीटरही बंद राहतं. लिव्हर थोडा बाहेर ओढला की दोन्ही सुरू. म्हणजे नादुरुस्त म्हणून स्वस्तात विकला जाणारा एफएम२ कधीकधी धडधाकट असतो. विकणाऱ्याला हे सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

एई-१ किंवा एक्स-७०० असेल तर आधी नवा सेल. सेल घालायची जागा उघडा आणि आत बघा. पांढरी किंवा हिरवट भुकटी असेल तर जुना सेल फुटून गळलाय. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मग सेल घाला. अल्कोहोल प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे किंवा लॅमिंग्टन रोडला मिळतं. एका बाटलीत वर्ष निघतं.

नव्या सेलनेही हालचाल नसेल तर पुढे जाऊ नका. एक्स-७०० मध्ये कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) जाणं हा जुना, नेहमीचा रोग आहे. सोल्डरिंग येणाऱ्या मेकॅनिकला तो पाठ असतो. एई-१ चा खटका दाबल्यावर घोरल्यासारखा आवाज येत असेल, तर आरशाच्या गियरमधलं तेल सुकलंय. कॅमेरा अजून चालतोय तोवर सर्व्हिसिंगला द्या.

तिसरी तपासणी: फोटो मळकट येतात

इथे कॅमेऱ्यापेक्षा आकडे चुकलेले असतात.

एएसएचा (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्या आकड्याचा) डायल बघा. रोल २०० चा असेल तर डायलही २०० वर हवा. जुन्या जेनिटवर गोस्टचे (सोव्हिएत मापाचे) आकडे असतात: ९० म्हणजे साधारण १००, १८० म्हणजे २००, ३५० म्हणजे ४००.

मग मीटर. दुपारी बाराच्या स्वच्छ उन्हात, पाऊस नसलेल्या महिन्यात, शिवाजी पार्कच्या मैदानावर उभे राहा. १०० च्या फिल्मला एफ १६ (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र) आणि १/१२५ (शटरचा वेग, सेकंदात), २०० च्या फिल्मला एफ १६ आणि १/२५०. तुमचं मीटर याच्या आसपास बोट ठेवत असेल तर ते बरं आहे. फोनवर लाइट मीटरचं फुकट अ‍ॅप घेऊन सावलीत आणि घरातही ताडून बघा. सगळीकडे सारखाच फरक येत असेल तर तेवढा फरक एएसए डायलवर कमी-जास्त करून काम भागतं. फरक दर वेळी वेगळा येत असेल तर मीटर गेलं समजा आणि अ‍ॅपवरच काढा. कॅमेरा यांत्रिक असेल तर काहीही अडत नाही. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं तेव्हा एफ १६ च्या जागी एफ ५.६ लागतं. जुलैमध्ये मरीन ड्राइव्हवर काढलेले रोल अंधारे येतात ते बहुतेक याच कारणाने.

साठ-सत्तरच्या दशकातल्या काही कॅमेऱ्यांचं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचं, उदाहरणार्थ मिनोल्टा एसआर-टी १०१. ते सेल आता मिळत नाहीत. दुकानदार १.५ व्होल्टचा साधा अल्कलाइन सेल देतो. मीटरला वाटतं उजेड जास्त आहे आणि फोटो अंधारे येतात. यावर सोपा उपाय म्हणजे कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल. तो १.४ व्होल्टचा असतो. आकाराने लहान आहे, म्हणून भोवती रबरी रिंग घालावी लागते. उघडल्यावर काही आठवड्यांत संपतो, पण स्वस्त आहे.

जेनिटवरच्या हेलिओस ४४-२ लेन्सला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा असतात. एका रिंगेवर आकडा ठरवायचा, दुसरीने लेन्समधली पाती प्रत्यक्ष बंद करायची. फोकस करताना उघडी ठेवायची आणि खटका दाबायच्या आधी आठवणीने बंद करायची. विसरलात तर फोटो मळकट नाही, उलट फटफटीत येतात.

संशय असेल तेव्हा रंगीत फिल्मला उजेड थोडा जास्तच द्या. दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) जास्त झालेलं ती सहन करते, दोन स्टॉप कमी झालेलं नाही.

फक्त फ्लॅशच्या फोटोंची एक बाजू काळी येत असेल तर शटरला दोष देऊ नका. फ्लॅशसाठी वेगाची मर्यादा असते. के१००० ला १/६०, एफएमला १/१२५, जेनिट-ई ला १/३०. त्याहून वेगात फ्लॅश चमकतो तेव्हा पडदा पूर्ण उघडलेला नसतो.

चौथी तपासणी: पट्टे येतात. एका चिकटपट्टीचा प्रयोग

पुन्हा नेगेटिव्ह घ्या. पट्टा फ्रेमच्या बाहेर, भोकांपर्यंत गेलेला असेल तर उजेड मागच्या दारातून शिरतोय. पट्टा फ्रेमच्या चौकटीत काटेकोर थांबत असेल तर उजेड पुढून येतोय, लेन्सच्या किंवा पडद्याच्या बाजूने. हे एवढं बघितलं की अर्धं काम झालं.

दाराचा संशय असेल तर दाराच्या कडेचा फोम (काळा स्पंज) बदलायच्या आधी खात्री करा. इलेक्ट्रिशियनची काळी टेप आणा, रोल घातल्यावर दाराच्या चारही फटींवर आणि बिजागरीवर चिकटवा आणि रोल संपवा. पट्टे गेले तर फोमच दोषी. गेले नाहीत तर फोम बदलण्यात दुपार घालवून उपयोग नाही.

फोम बदलणं हे घरी करण्यासारखं शेवटचं काम. दाराच्या खोबणीत काळा स्पंज असतो. तो तीस-चाळीस वर्षांत, मुंबईच्या दमट हवेत जरा लवकरच, डांबरासारखा चिकट होतो. बोट लावलं तर काळं होतं आणि साबणाने निघत नाही. टूथपिक अल्कोहोलमध्ये बुडवून तो खरवडून काढा. कॅमेरा उलटा धरा, म्हणजे कचरा पडद्यात न जाता खाली पडेल. मध्ये मध्ये थांबून टूथपिक बदला. एकच टूथपिक वापरत राहिलात तर निघालेला चिकटा परत खोबणीत लागतो. पडद्याला बोट लावू नका, धातूच्या पात्यांना तर मुळीच नाही. एक पातं वाकलं की शटर संपलं.

नवीन भरायला अब्दुल रहमान स्ट्रीटला स्टेशनरीवाल्यांकडे पाठीला गोंद असलेलं काळं फोम शीट मिळतं. दोन मिलिमीटरहून जाड घेऊ नका, दार लागणार नाही. अरुंद खोबणीत काळी लोकर दाबून बसवली तरी छान चालतं. मी तर लोकरच वापरते, ती कधी वितळत नाही. बिजागरीच्या बाजूला रुंद पट्टी लागते, तिथे काळी मखमली रिबन.

आरशाच्या वर एक छोटा फोम असतो, आरसा आपटू नये म्हणून. तोही चिकट होतो आणि आरसा वरच चिकटून बसतो. "आरसा वर अडकला" या तक्रारीचं एक कारण हेच. तो बदलता येतो, पण त्याच्या लगेच वर फोकसिंग स्क्रीन (जिच्यावर चित्र दिसतं ती) असते. अल्कोहोलचा थेंब तिच्यावर पडला तर डाग कायमचा. हात थरथरत असेल तर हे काम सोडून द्या.

पाचवी तपासणी: शटर आणि पाती

आता शटरची पाळी. रोल काढलेला असू दे. मागचं दार उघडा, लेन्स निघत असेल तर काढा, कॅमेरा खिडकीकडे धरा आणि मागून बघत खटका दाबा. एक सेकंद, मग १/६०, मग सगळ्यात वेगवान. वेगवान शटरला क्षणभर चमक दिसते. ती चमक डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली सारखी हवी. डोळ्याला कळत नसेल तर फोनच्या स्लो मोशनवर घ्या आणि थांबवून थांबवून बघा. एका बाजूला अंधार दिसला तर दोन पडद्यांचा वेग जुळत नाही, मागचा पडदा पुढच्याला गाठतोय. फ्लॅश नसतानाही फोटोची एक बाजू काळी येण्याचं कारण हेच. हे तुमचं काम नाही. पण मेकॅनिककडे जाईपर्यंत १/२५० हून सावकाश वेगांना दोष दिसत नसेल, तर तेवढे वेग वापरून कॅमेरा चालवता येतो.

एक सेकंदाला "एक हजार एक" म्हणून होईपर्यंत शटर उघडं राहिलं पाहिजे. दोन-तीन सेकंद रेंगाळलं किंवा उघडंच राहिलं तर आतलं ग्रीस घट्ट झालंय. इथे घराघरात एकच कल्पना सुचते: शिवणयंत्राचं तेल. घालू नका. ते पसरत पसरत पडद्यावर आणि पात्यांवर जातं. मग जे काम नुसत्या सर्व्हिसिंगमध्ये झालं असतं, त्याला अख्खा कॅमेरा सोडवावा लागतो.

कापडी पडद्याच्या रेंजफाइंडरमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत), म्हणजे फेड-झोर्कीत, छिद्रंही बघा. अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून पुढून टॉर्च मारा आणि मागून बघा. शटर चढवून पुन्हा बघा, कारण तेव्हा दुसरा पडदा समोर येतो. चांदण्या दिसल्या तर प्रत्येक फोटोत त्याच जागी पांढरे ठिपके येणार. लेन्सचं झाकण न लावता कॅमेरा उन्हात पडून राहिला की सूर्याने कापड जळतं, त्याची ही भोकं.

लेन्सची पातीही या तपासणीत घ्या. लेन्स काढून एफ १६ वर ठेवा आणि मागचा छोटा लिव्हर बोटाने ढकलून सोडा. पाती झटकन मिटली पाहिजेत. आळसावत मिटली किंवा त्यांच्यावर तेलाची चमक दिसली, तर फोटो काढताना ती वेळेवर बंद होत नाहीत आणि उजेड जास्त शिरतो. हेही मेकॅनिकचं.

धुरकट फोटो आणि पावसाळा

लेन्समधून फोनचा टॉर्च तिरका टाकून बघा. आत फांद्या फुटलेले पांढुरके तंतू दिसले तर बुरशी. मुंबईत ही होणारच. पावसाळ्यात हवेतला ओलावा दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असतो आणि आपण लेन्स चामड्याच्या जुन्या केसमध्ये घालून कपाटात ठेवतो. बुरशीला याहून चांगलं घर मिळणार नाही. बाहेरच्या काचेवर असेल तर लेन्सच्या कापडाने पुसली जाते. आतल्या काचांवर असेल तर लेन्स उघडावी लागते. जास्त दिवस राहिली तर ती काचेवरचा लेप खाते, मग साफ केल्यावरही खुणा राहतात. कडेला एखादा तंतू असेल तर फोटोत काही फरक पडत नाही. त्यासाठी लेन्स उघडून घेऊ नका.

केस फेकून द्या. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून वाळवायचं. जमत असेल तर ड्राय कॅबिनेट, ४०–५० टक्क्यांवर. तांदळात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यातली भुकटी नेमकी नको तिथे जाते.

इथे थांबा

ज्या कॅमेऱ्यात फ्लॅश आतच आहे तो उघडायचा नाही. सेल काढल्यावरही फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठलेली राहू शकते. जोरदार झटका बसतो.

पडदे जुळत नाहीत, सावकाश वेग रेंगाळतात, पडदा फाटलाय, पाती तेलकट आहेत, आतल्या काचेवर बुरशी आहे, सर्किट मेलंय: यातलं काहीही असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. जुन्या कॅमेऱ्यांचे स्क्रू मऊ असतात, एकदा डोकं घासलं गेलं की मेकॅनिकही वैतागतो आणि पैसे जास्त सांगतो. फोर्टात, सीएसएमटीच्या समोरच्या बोरा बाजारात आणि आसपास कॅमेऱ्याची दुकानं आहेत. दुरुस्ती कोण करतं ते तिथे विचारत गेलात की माणूस सापडतो. जाताना नेगेटिव्ह बरोबर न्या. "बिघडलाय" म्हणू नका, "१/१००० ला उजवी बाजू काळी येते" म्हणा. आधी अंदाज विचारा. तो नुसताच "बघतो" म्हणाला आणि आकडा सांगेना, तर दुसरं दुकान बघा.

खर्चाचा हिशोबही आधीच करा. एफएम२ किंवा के१००० ची सर्व्हिसिंग वसूल होते, ते कॅमेरे आणखी वीस वर्षं चालतील. जेनिटचा पडदा बदलायचा खर्च तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या दुसऱ्या जेनिटच्या जवळ जात असेल, तर दुसरा जेनिट घ्या आणि पहिल्याची लेन्स ठेवून घ्या. जेनिट-ई चं सेलशिवाय चालणारं मीटर मेलं असेल तर ते दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, फोनचं अ‍ॅप आहेच.

दुरुस्त होऊन आलेला कॅमेरा ताब्यात घेताना काउंटरवरच दार उघडून सगळे वेग एकेक करून वाजवून बघा, मगच पैसे द्या. पहिला रोल लग्नाला किंवा सहलीला नेऊ नका. स्वस्तातला रोल घाला आणि दर फोटोला वेग आणि एफचा आकडा वहीत लिहा. एकच दृश्य, समजा समोरच्या इमारतीची उन्हातली भिंत, १/६० पासून सगळ्यात वेगवान शटरपर्यंत काढा आणि वेग एक पायरी वाढवला की अ‍ॅपर्चरही एक पायरी उघडत जा. सगळ्या फ्रेम सारख्याच गडद निघाल्या तर काम चोख झालंय. एखादाच वेग वेगळा निघाला तर वही घेऊन त्याच काउंटरवर परत जा.